कक्षेतली प्रयोगशाळा आणि तिथला माणूस

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते. एक फेरी साधारण दीड तासात पुरी होते. त्यामुळे आत राहणाऱ्यांच्या वाट्याला चोवीस तासांत सोळा सूर्योदय येतात. २ नोव्हेंबर २००० पासून हे स्थानक एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. या काळात अडीचशेहून अधिक माणसे तिथे जाऊन आली आणि चार हजारांवर प्रयोग झाले. आता २०३० च्या सुमारास ते मोडीत काढण्याचे ठरले आहे. चीनचे स्वतःचे स्थानक सुरू आहे, भारताने आपल्या स्थानकाचा मनसुबा जाहीर केला आहे आणि अमेरिकेत खासगी कंपन्या पुढे सरसावल्या आहेत. या वळणावर एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे: कक्षेत संशोधन करायचे तर तिथे माणूस राहायलाच हवा का, आणि आजवर तो राहिला त्यातून हाती काय लागले?

पार्श्वभूमी

चंद्रावर माणूस उतरवण्याची शर्यत हातची गेल्यावर सोव्हिएत संघाने मोर्चा वळवला तो दीर्घ मुक्कामाकडे. सॅल्युत-१ हे पहिले अंतराळस्थानक १९ एप्रिल १९७१ रोजी कक्षेत पोचले. जूनमध्ये सोयुझ-११ यानातून तिघेजण तिथे गेले. त्यांची मोहीम तेवीस दिवस चालली. परतीच्या वाटेवर यानाची एक झडप अवेळी उघडली, आतली हवा निघून गेली आणि तिघेही दगावले. त्यांच्या अंगात दाबयुक्त पोशाख नव्हते, कारण ते घालून तीन माणसे त्या यानात मावत नव्हती. त्यानंतर उड्डाण आणि परतीच्या वेळी असा पोशाख सक्तीचा झाला, आणि पुढे कित्येक वर्षे सोयुझमधून दोघांनाच पाठवले गेले.

अमेरिकेचे स्कायलॅब १९७३ मध्ये गेले. तिथे तीन तुकड्यांनी अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस काढले. सूर्याचा अभ्यास हे स्कायलॅबचे मोठे काम. पण पुढच्या स्थानकांना उपयोगी पडला तो वेगळाच धडा. तिसऱ्या तुकडीवर कामाचा इतका भडिमार झाला की डिसेंबर १९७३ च्या अखेरीस अंतराळवीरांनी नियंत्रणकक्षाशी स्पष्ट बोलून वेळापत्रक सैल करून घेतले. याला नंतर ‘संप’ म्हटले गेले, ते अतिशयोक्तीचे आहे. माणसाचा दिवस मिनिटामिनिटाने आखून भागत नाही, हे मात्र तेव्हा कळून चुकले. भारतात स्कायलॅबचे नाव घरोघरी झाले ते निराळ्याच कारणाने: जुलै १९७९ मध्ये ते कोसळणार म्हणून देशभर धास्ती पसरली होती. अवशेष पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात.

दीर्घ मुक्कामाचे गणित खऱ्या अर्थाने जमले ते सॅल्युत-६ आणि सॅल्युत-७ वर. या स्थानकांना यान जोडण्यासाठी दोन दारे होती. एका दाराशी माणसांचे यान उभे असताना दुसऱ्या दाराने ‘प्रोग्रेस’ हे मालवाहू यान इंधन, पाणी आणि अन्न घेऊन येई. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये गेले ते सॅल्युत-७ वर. तिथल्या आठवडाभराच्या मुक्कामात त्यांनी वजनहीन अवस्थेतल्या योगासनांचाही प्रयोग केला. १९८६ मध्ये ‘मीर’ आले आणि पंधरा वर्षे टिकले. डॉक्टर असलेले वालेरी पोल्याकोव्ह यांनी १९९४-९५ मध्ये तिथे सलग ४३७ दिवस काढले. हा विक्रम अजून अबाधित आहे. १९९७ मध्ये मीरवर आधी आग लागली आणि काही महिन्यांनी मालवाहू यान येऊन आदळले, तरी मुक्काम मोडला नाही.

आंतरराष्ट्रीय स्थानकाचा जन्म मात्र प्रयोगशाळेपेक्षा राजकारणात अधिक झाला. रोनाल्ड रीगन यांनी जानेवारी १९८४ मध्ये स्थानकाची घोषणा केली. नंतरची नऊ वर्षे आराखडे बदलण्यात आणि खर्च वाढण्यात गेली. जून १९९३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात हा प्रकल्प २१६ विरुद्ध २१५, म्हणजे एका मताने तरला. त्याच वर्षी रशियाला भागीदार करून घेण्यात आले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले अग्निबाणतज्ज्ञ इतर देशांच्या हाती लागू नयेत, हा त्यामागचा एक उघड हेतू होता. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि अकरा युरोपीय देश अशा पंधरा देशांचा करार जानेवारी १९९८ मध्ये झाला आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ‘झार्या’ हा पहिला भाग वर गेला. आज स्थानकाचे वस्तुमान चारशे टनांहून अधिक आणि लांबी १०९ मीटर आहे.

तिथे वेगळे काय आहे

स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे पृथ्वीकडे सतत पडतच असतात. पण आडवा वेग एवढा असतो की पडता पडता पृथ्वीचा पृष्ठभागही तितकाच वळत जातो. सगळेच सारख्या वेगाने पडत असल्यामुळे कशाचाही भार कशावर पडत नाही. या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात, कारण हवेचा विरळ विरोध, यंत्रांची थरथर आणि माणसांची हालचाल यांमुळे ओढीचा बारीकसा अंश उरतोच.

या अवस्थेत जमिनीवरच्या अनेक गोष्टी थांबतात. गरम हवा वर चढत नाही, जड कण तळाशी बसत नाहीत, बुडबुडे पृष्ठभागावर येत नाहीत. एरवी झाकून राहणारे पृष्ठताण आणि विसरण यांसारखे परिणाम मग उघडे पडतात. ज्वलनाचे प्रयोग याचा उत्तम नमुना आहेत. जमिनीवर मेणबत्तीची ज्योत निमुळती होते, कारण तापलेली हवा वर जाते आणि खालून ताजी हवा येते. स्थानकात ज्योत गोल, निळसर आणि मंद होते; प्राणवायू तिच्यापर्यंत केवळ विसरणाने पोचतो. २०१२ च्या सुमारास हेप्टेन या इंधनाचे काही मिलिमीटर व्यासाचे थेंब एका बंद कक्षात तरंगत ठेवून पेटवण्यात आले. ज्योत विझली, तरी थेंब आकसतच राहिला. डोळ्यांना न दिसणारे ज्वलन, नेहमीच्या ज्योतीपेक्षा कितीतरी कमी तापमानाला, चालूच होते. सुट्या थेंबाभोवती अशी ‘थंड ज्वाला’ टिकेल, अशी अपेक्षा संशोधकांनी धरलेली नव्हती. इंजिनातील इंधन पेट घेण्याच्या रसायनशास्त्राशी तिचा थेट संबंध आहे.

तिथला संसार

संशोधनाचा विचार करताना तिथे जगण्याचा खर्च वेगळा काढता येत नाही, कारण माणसाचा बराच दिवस त्यातच जातो. हवा खेळती ठेवणारे पंखे रात्रंदिवस चालतात. ते थांबले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचून राहील. त्या वायूची पातळी एरवीही जमिनीवरच्या हवेपेक्षा बरीच जास्त असते आणि डोकेदुखीच्या तक्रारी होतात. प्राणवायू मुख्यतः पाण्याचे विद्युत्-विघटन करून मिळवतात. झोपण्यासाठी टेलिफोन बूथएवढी खोली आणि भिंतीला बांधलेली पिशवी असते. पावाचा चुरा यंत्रांत आणि डोळ्यांत जातो म्हणून पोळीसारखा टॉर्टिया वापरतात. जून २०२५ मध्ये तिथे गेलेले भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्यासोबत गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरसही होता.

पाण्याची गोष्ट अधिक सांगण्याजोगी आहे. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा पिण्याचे पाणी केले जाते. वजनहीन अवस्थेत वाफ आणि द्रव आपोआप वेगळे होत नाहीत, म्हणून ऊर्ध्वपातनाचे पात्र गरागरा फिरवावे लागते. ही यंत्रणा बसवल्यावर वर्षभरातच तुंबू लागली. कारण शोधले तेव्हा कळले की अंतराळवीरांची हाडे झिजत असल्याने त्यांच्या लघवीत कॅल्शियम अधिक होते आणि कॅल्शियम सल्फेटचा साका यंत्रात बसत होता. जमिनीवरच्या चाचण्यांत ते लक्षात येणे अवघडच होते, कारण तिथल्या माणसांची हाडे झिजत नव्हती. पुढे सुधारणा होत २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. मंगळासारख्या लांबच्या प्रवासासाठी एवढे प्रमाण लागेल, असा अंदाज बांधलेला होता.

रोज दोन-अडीच तास व्यायाम, त्याखेरीज साफसफाई, सामानाची नोंद आणि दुरुस्ती. हे सगळे वजा जाता प्रयोगांसाठी उरतो तो वेळ फार नाही. २००३ मध्ये अमेरिकेचे कोलंबिया हे शटल-यान नष्ट होऊन कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर शटलची उड्डाणे थांबली आणि स्थानकात काही वर्षे दोघांनाच ठेवावे लागले. दोन माणसांचा बहुतेक वेळ स्थानक चालते ठेवण्यातच जाई. २००९ मध्ये कायम रहिवाशांची संख्या सहा झाली आणि २०२० पासून सात. खऱ्या अर्थाने संशोधनाने जोर धरला तो माणसे वाढल्यापासून.

माणसावरचे संशोधन

या क्षेत्रातले प्रयोग दोन गटांत वेगळे ठेवले तर वादातला बराच गुंता सुटतो. काही प्रयोगांत माणूस हाच अभ्यासाचा विषय असतो. इतरांत तो प्रयोग करणारा असतो. पहिल्या गटाची फलश्रुती निर्विवाद आहे.

भार नाहीसा झाला की कंबर आणि मांडीच्या वरच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. सुरुवातीच्या मोहिमांत सायकल आणि धावपट्टीने ही घट थांबली नाही. २००८ मध्ये निर्वात नळकांड्यांच्या जोरावर अडीचशे किलोंहून अधिक भार देऊ शकणारे यंत्र आले आणि चित्र बरेच सुधारले. हाडांच्या झिजेवरचे औषध जोडीला दिल्यावर आणखी. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परतल्यावर वर्ष उलटूनही अनेकांच्या नडगीच्या हाडाची भरपाई पुरी झालेली नव्हती, आणि सहा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांची कमी झाली होती.

डोळ्यांचा प्रश्न तर आधी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. २०११ मध्ये डॉक्टरांनी सात अंतराळवीरांच्या डोळ्यांतले बदल नोंदवले: नेत्रगोल मागच्या बाजूने किंचित चपटा होणे, दृष्टीच्या मज्जातंतूला सूज, जवळचे अंधुक दिसणे. शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात हे मूळ कारण असावे, असे बहुतेकांचे मत आहे. पण कवटीतला दाब, कार्बन डायऑक्साइड आणि आनुवंशिकता यांचा वाटा किती, यावर एकमत नाही. काहींनाच हा त्रास का होतो याचेही समाधानकारक उत्तर नाही. मानेच्या शिरेत रक्त साकळल्याचे उदाहरणही स्थानकावरच प्रथम आढळले. ते कळले ते रक्तप्रवाहाच्या संशोधनासाठी केलेल्या सोनोग्राफीत; जमिनीवरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथेच रक्त पातळ करण्याचे औषध सुरू करावे लागले.

२०१५-१६ मध्ये अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस वर राहिले आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क जमिनीवर. दोघांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गुणसूत्रांच्या टोकांवरची ‘टेलोमिअर’ वर असताना आखूड होतील अशी अपेक्षा होती, ती उलट लांबली आणि परतल्यावर झपाट्याने आखूड झाली. वृत्तपत्रांनी याचा फार गाजावाजा केला. शास्त्रीय दृष्टीने त्याला मर्यादाच आहेत, कारण अभ्यासात जोडी एकच होती. ही अडचण या सबंध शाखेचीच आहे. इतक्या वर्षांत दीर्घ मुक्काम केलेली माणसे काही शेच, त्यांत स्त्रिया थोड्या, आणि प्रत्येकाचे वय, व्यायाम, औषधे निराळी. जमिनीवर एखाद्या साध्या औषधाच्या चाचणीलाही यापेक्षा जास्त माणसे घेतात.

किरणोत्सर्गाबाबत स्थानकावरची माहिती उपयोगी आहे, पण अपुरी. सहा महिन्यांत तिथे मिळणारी मात्रा पृथ्वीवरच्या कित्येक वर्षांच्या नैसर्गिक मात्रेएवढी असते. मात्र स्थानक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला आहे. चंद्र-मंगळाच्या वाटेवरचे जड, वेगवान कण शरीराचे काय करतील, ते या उंचीवरून पुरते सांगता येत नाही.

माणसाने केलेले संशोधन

दुसऱ्या गटात यशापयश मिसळलेले आहे. प्रथिनांचे स्फटिक हे त्याचे बोलके उदाहरण. गाळ बसत नाही आणि प्रवाह उठत नाहीत, म्हणून अंतराळात मोठे, निर्दोष स्फटिक वाढतील आणि त्यांवरून औषधे बनतील, अशी आशा १९८० च्या दशकापासून दाखवली गेली. २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन निष्कर्ष अनिर्णायक ठरवला. पुढे जमिनीवरचीच तंत्रे सुधारली आणि गरजही कमी झाली. तरी विषय संपला नाही. २०१७ मध्ये मर्क कंपनीने कर्करोगावरच्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाचे स्फटिक स्थानकावर वाढवले. ते अधिक एकसारख्या आकाराचे निघाले आणि अशा स्फटिकांचे द्रावण सुईतून देण्यास सोपे ठरेल, असे दिसले. यातून मिळाली ती स्फटिक कसे घडवावेत याची समज. औषध बनते ते जमिनीवरच.

विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत भव्य उपकरण म्हणजे मे २०११ मध्ये स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर. नोबेल विजेते सॅम्युएल टिंग यांच्या पुढाकाराने तो तयार झाला आणि त्याने दोनशे अब्जांहून अधिक विश्वकिरण-कण टिपले. उच्च ऊर्जेच्या पॉझिट्रॉनांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे त्याने नेमकेपणाने मोजले. ते कृष्णद्रव्यामुळे की जवळच्या स्पंदकांमुळे, हा वाद चालूच आहे. २०१८ पासून चालणाऱ्या शीत-अणू प्रयोगशाळेत बोस-आइन्स्टाइन संघनित कक्षेत तयार झाले. सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव धारण करणारी ही अवस्था तिथे जमिनीपेक्षा अधिक काळ निरखता येते.

जीवशास्त्रात छोटी, पण ठोस पावले पडली. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथेच पिकवलेला लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ला. २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी हातात मावणाऱ्या यंत्रावर डीएनएचा क्रम लावला. शुक्लांच्या मोहिमेत भारतीय संस्थांचे सात प्रयोग होते: स्नायुपेशी, सूक्ष्म शैवाल, जलअस्वले, शिवाय मूग आणि मेथीचे मोड. प्रकाशीय तंतू, कृत्रिम ऊती, त्रिमितीय छपाईने बनवलेल्या गुडघ्यातल्या कूर्चा यांबद्दल कंपन्या बरेच बोलतात. बाजारात नियमित विकला जाणारा आणि केवळ अंतराळातच बनू शकणारा माल अजून तरी दिसत नाही.

मतमतांतरे

साशंक गटात भौतिकशास्त्रज्ञ पहिल्यापासून आघाडीवर आहेत. अमेरिकन फिजिकल सोसायटीने १९९१ मध्येच कायम वस्तीच्या स्थानकाला पुरेसा वैज्ञानिक आधार नाही, असे निवेदन काढले होते. १९९३ मध्ये स्थानक एका मताने वाचले आणि काही महिन्यांतच टेक्सासमधला महाकाय कणवेगक रद्द झाला. ती सल अनेकांच्या मनात राहिली. नोबेल विजेते स्टीव्हन वाइनबर्ग यांनी तर २००७ मध्ये स्थानकाची जाहीर टवाळी केली. साशंकांचे मुद्दे तीन. एक, खर्च: उभारणीपासूनचा एकूण आकडा शंभर अब्ज डॉलरच्या पुढे जातो आणि नासाला दरवर्षी सुमारे तीन अब्ज डॉलर मोजावे लागतात. दोन, ज्या शांत अवस्थेसाठी वर जायचे, ती धावत्या-उठत्या माणसांच्या हादऱ्यांनी बिघडते. नाजूक प्रयोगांना मग कंपनरोधक बैठकी द्याव्या लागतात. तीन, बरेच प्रयोग माणसावाचून होतात. वर सांगितलेले ज्वलनाचे प्रयोगही मुख्यतः जमिनीवरून चालवले गेले. अंतराळवीर बाटल्या आणि सुटे भाग बदलत.

या तिसऱ्या मुद्द्याला अलीकडे बळ मिळाले आहे. वार्दा या कंपनीच्या मानवरहित कुपीने कक्षेत रिटोनाव्हिर औषधाचे स्फटिक तयार करून फेब्रुवारी २०२४ मध्ये ते युटाच्या वाळवंटात उतरवले. इस्रोने तर जानेवारी २००७ मध्येच अशी कुपी कक्षेतून परत आणली होती. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उडालेल्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर बसवलेल्या छोट्या पेटीत चवळीचे दाणे चार दिवसांत रुजले आणि त्यांना पाने फुटली. माणूस जवळपासही नव्हता. सहा महिन्यांनी शुक्लांनी मूग-मेथी रुजवली. दोन्ही प्रयोगांचे हेतू सारखे नव्हते हे खरे, पण ‘रुजते का’ एवढाच प्रश्न असेल तर पेटी पुरते, हे या दोहोंनी दाखवले.

समर्थकांचे उत्तर दुरुस्तीपासून सुरू होते. स्पेक्ट्रोमीटरचे थंडावा देणारे पंप बिघडले तेव्हा ते दुरुस्त होतील अशी रचनाच नव्हती. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन या अंतराळवीरांनी चार वेळा बाहेर पडून, जाड हातमोजे घालून, पोलादी नळ्या कापल्या आणि नवी यंत्रणा जोडली. उपकरण अजून चालते आहे. शिवाय अनपेक्षित ते ओळखण्याची नजर, एकाच ठिकाणी शेकडो वेगळे प्रयोग बदलत राहण्याची सोय आणि नमुने गोठवून परत आणण्याची व्यवस्था पेटीत मिळत नाही. सुसज्ज प्रयोगशाळा आणि एका कामाचे उपकरण यांची तुलनाच अन्याय्य आहे, असे त्यांचे म्हणणे.

तिसरी भूमिका असे मानते की स्थानकाचे मोजमाप केवळ शोधनिबंधांनी करणे मुळातच चूक आहे. प्रतिस्पर्धी देशांनी २०१४ आणि २०२२ च्या युक्रेन संकटांतही एकमेकांच्या यानांतून माणसे नेली-आणली. पाणी, हवा, दुरुस्ती यांचे तंत्र शिकून झाले. खासगी मालवाहतूक याच स्थानकामुळे उभी राहिली. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवडाभरासाठी गेले आणि यानातल्या बिघाडामुळे मार्च २०२५ पर्यंत, २८६ दिवस राहिले. त्यांना सामावून घेण्याइतके स्थानक ऐसपैस होते, हेही एक फलितच. या भूमिकेची अडचण एवढीच की मोजपट्टीच बदलली तर कोणताही खर्च समर्थनीय ठरवता येतो.

तराजूत घातल्यावर झुकते माप असे दिसते: माणसाच्या शरीराचे प्रश्न माणसावाचून सुटणार नाहीत, पदार्थविज्ञान आणि स्फटिकांच्या बाबतीत माणसाची गरज दरवर्षी कमी होत आहे, मधले क्षेत्र, म्हणजे जीवशास्त्र आणि वारंवार बदलावी लागणारी उपकरणे, खर्चावर अवलंबून आहे.

न सुटलेले प्रश्न

यांत सर्वांत मोठा प्रश्न अंशतः गुरुत्वाचा आहे. पृथ्वीवर पूर्ण भार आणि स्थानकात शून्य भार, एवढी दोनच टोके माणसाच्या बाबतीत नीट अभ्यासली गेली. चंद्रावर भार एक षष्ठांश आणि मंगळावर सुमारे तीन अष्टमांश असतो. तेवढ्याने हाडे टिकतात का, हे ठाऊक नाही. चंद्रावरचा सर्वांत लांब मुक्कामही तीन दिवसांच्या आसपासचा होता. यासाठी स्थानकाला एक मोठे फिरते दालन जोडायचे होते. जपानमध्ये ते बऱ्यापैकी तयारही झाले होते. २००५ मध्ये खर्च आणि शटलच्या फेऱ्या कमी करण्यापायी ते रद्द झाले आणि त्सुकुबा येथे प्रदर्शनात ठेवले गेले. पंचवीस वर्षांतला सर्वांत महागात पडलेला काटकसरीचा निर्णय तो हाच असावा. नंतर जपानने लहान फिरत्या यंत्रात उंदीर ठेवले. चंद्राएवढ्या भाराने त्यांच्या स्नायूंची घट रोखली, पण तंतूंच्या प्रकारातला बदल रोखला नाही. माणसाबद्दल त्यावरून काही ठाम म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न जुन्या झालेल्या स्थानकाच्या सुरक्षेचा. रशियन ‘झ्वेझ्दा’ भागाला जोडलेल्या बोळकांड्यातून २०१९ पासून कित्येक वर्षे हवा गळत राहिली. तिचे कारण आणि गांभीर्य याविषयी अमेरिकी व रशियन अभियंत्यांत मतभेद राहिले. तिसरा प्रश्न वैद्यकीय आहे: वर उपचार किती करता येतील आणि माणसाला कधी खाली आणावे. मंगळाच्या वाटेवर खाली आणण्याचा पर्यायच नसेल.

पुढील वाटचाल

स्थानक प्रशांत महासागराच्या निर्जन भागात पाडण्यासाठी लागणारे यान बनवण्याचे कंत्राट जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला मिळाले. त्याची कमाल रक्कम ८४.३ कोटी डॉलर आहे. नासाला पुढे स्वतःचे स्थानक नको आहे. खासगी स्थानकांत भाड्याने जागा घ्यायची आहे. ॲक्सिअम, ब्लू ओरिजिन, स्टारलॅब, व्हास्ट अशा कंपन्या स्पर्धेत आहेत. २०२५ मध्ये नासाने सततच्या वस्तीची अट सैल करून महिनाभराच्या मुक्कामांपासून सुरुवात करण्याची तयारी दाखवली. शरीरावरच्या संशोधनाच्या दृष्टीने ही माघार आहे, कारण हाडे आणि डोळे यांचे बदल उमगायला महिने लागतात.

चीनचे तिआनगोंग २०२१ पासून कक्षेत असून २०२२ मध्ये त्याची तीन दालनांची रचना पुरी झाली. एका वेळी तिघे साधारण सहा महिने राहतात. २०११ च्या अमेरिकी कायद्याने नासाला चीनशी थेट सहकार्य करण्यास मज्जाव आहे. त्यामुळे दोन्ही स्थानकांचे वैद्यकीय निष्कर्ष एकत्र तपासण्याची संधी, जिची संख्येने तोकड्या असलेल्या या शाखेला सर्वाधिक गरज आहे, हातची जाते.

भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागाला मंजुरी दिली. तो २०२८ मध्ये सोडायचा आणि एकूण पाच भागांचे स्थानक २०३५ पर्यंत उभे करायचे, असे नियोजन आहे. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह कक्षेत जोडून त्यासाठी लागणारे एक कौशल्य इस्रोने सिद्ध केले. गगनयानाचे समानव उड्डाण अजून व्हायचे आहे. माणसाविना होणारे प्रयोग कुपीत आणि पीएसएलव्हीच्या टप्प्यावर करण्याची सोय भारताकडे आहेच. त्यामुळे भारतीय स्थानकाची उपयुक्तता ठरेल ती तिथल्या माणसांच्या मुक्कामाची लांबी आणि अंशतः गुरुत्वासारख्या रिकाम्या जागा भरण्याची सोय यांवर, आणि या दोन्ही गोष्टी आराखडा कागदावर असतानाच ठरवाव्या लागतात.